खेळण्यांच्या सेटवरचे सत्तर टक्के

गुलाबी पुठ्ठ्याचा खोका. आत वीतभर बाहुली, तिचा कंगवा, चिमुकली पर्स, सहा रंगीत खडू, रंगवायचं छोटं पुस्तक आणि स्टिकरचा एक कागद. डोंबिवलीत फडके रोडला, कल्याणात शिवाजी चौकात, ठाण्यात जांभळी नाक्यावर, कुठेही गेलात तरी असा खोका मिळतो आणि वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टसाठी तो डझनांनी खपतो. मी एका कस्टम्स ब्रोकरच्या कचेरीत कागदपत्रांचं काम करते. डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने नेरूळ, असा माझा रोजचा प्रवास. न्हावाशेव्याला उतरणाऱ्या मालाची बिल ऑफ एन्ट्री भरताना असा सेट समोर आला, की पहिला प्रश्न पडतो तो सीमाशुल्काच्या कोडचा.

बाहुली एकटी आली असती तर कोड 9503. खडू एकटे आले असते तर 9609. रंगवायचं पुस्तक 4903. हे सगळं एका खोक्यात घालून विकायला ठेवलं, की काय धरायचं? याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते पुरेसं स्पष्ट आहे. सीमाशुल्क दरपत्रकाच्या 95 व्या प्रकरणाची चौथी टीप सांगते की खेळण्यासोबत इतर वस्तू किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधल्या असतील आणि त्या संचाचं मूळ रूप खेळण्याचं असेल, तर सगळा संच 9503 मध्येच जाईल. खडू किती आणि बाहुल्या किती, हे मोजत बसायचं कारण नाही.

तरीही फोन येतात. कल्याणचे एक दुकानदार आहेत, दोघातिघांत मिळून थोडा थोडा माल मागवणारे. परवा म्हणाले, “ताई, यात खडू सहा आणि बाहुली एकच. स्टेशनरी म्हणून नाही का जाणार?” मी विचारलं, “काका, बाहुली काढून हा खोका विकाल का?” ते म्हणाले, “छे हो, पोरी बाहुलीसाठीच तर घेतात.” तिथेच उत्तर मिळालं होतं.

काका लबाड नाहीत. त्यांना हा प्रश्न पडतो, कारण 9503 वरचं मूळ सीमाशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्क्यांवर. शेजारच्याच 9505 मध्ये, म्हणजे सणासुदीच्या आणि सजावटीच्या वस्तूंवर, ते 20 टक्के आहे. खडूंवर त्याहूनही कमी. एकाच कारखान्यातून, एकाच कंटेनरमधून आलेल्या दोन खोक्यांत केवळ नावामुळे एवढी तफावत पडत असेल, तर माणसं नावं शोधणारच. ‘एज्युकेशनल किट’, ‘डेकोरेशन आयटम’, ‘शोपीस’, ‘की-चेन’ अशी नावं धंद्यात सगळ्यांना पाठ आहेत.

फरक नुसत्या पैशांचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. कोडमागोमाग मुलांची सुरक्षा येते. 2019 मध्ये क्वालिटी काउन्सिल ऑफ इंडियाने दिल्ली परिसरातून आयात खेळण्यांचे 121 नमुने घेतले, त्यांतले जवळपास 67 टक्के चाचणीत नापास झाले. त्याच वर्षी डिसेंबरात परकीय व्यापार महासंचालनालयाने आयात खेळण्यांच्या प्रत्येक खेपेतून नमुना घेऊन तपासण्याचा नियम केला. मग आला 2020 चा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश, 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेला. आता खेळणं इथलं असो की बाहेरचं, त्यावर आयएसआय चिन्ह लागतं. परदेशी कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो. आयएस 9873 या मानकात गिळता येतील असे सुटे भाग, रंगातले जड धातू, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स हे सगळं तपासलं जातं. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस 15644 लागू आहे.

या आदेशात खेळण्याची व्याख्या कोडवर बेतलेली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाने खेळावं म्हणून बनवलेली कोणतीही वस्तू, मग तिचा दुसरा उपयोग असला तरी, ती खेळणंच. मला ही व्याख्या फार शहाणपणाची वाटते. पण बंदरावर कागद पुढे सरकतो तो कोडने. खोका ‘शोपीस’ म्हणून आत आला, की चिन्ह आहे का हे बघायला कोणी थांबत नाही. पुढे भिवंडीच्या माणकोली, काल्हेर, राहनाळच्या गोदामांतून तो टेम्पोने डोंबिवलीत पोचतो आणि पाचव्या वाढदिवसाला कुणाच्या तरी हातात पडतो. बाहुलीच्या पर्सचं चुंबक सैल आहे की घट्ट, हे त्या घरात कुणालाच माहीत नसतं. लहान मुलाने एकाहून जास्त चुंबकं गिळली तर ती पोटात एकमेकांना चिकटून आतड्याला भोक पाडू शकतात.

सत्तर टक्क्यांनी देशी कारखानदाराला आधार मिळाला, हे मला मान्य आहे. सरकारी आकड्यांनुसार खेळण्यांची आयात 2014-15 मध्ये सुमारे 33 कोटी 20 लाख डॉलर होती, ती 2022-23 मध्ये 16 कोटींच्या आत आली आणि निर्यात तिपटीहून अधिक झाली. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी फळांना, भातुकलीला शहरात गिऱ्हाईक मिळालं तर मला आनंदच होईल. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, तीही योग्य. पण शोपीस म्हणून उतरलेलं खेळणं आयातीच्या आकड्यात खेळणं म्हणून मोजलंच जात नाही. जे सरळ मार्गाने जाहीर करतात तेच सत्तर टक्के भरतात. देशी कारखानदाराची खरी स्पर्धा असते ती उरलेल्यांशी.

कोडच्या सीमारेषांवर भांडणं नवी नाहीत. मुंबईतल्या प्लेझंटाइम प्रॉडक्ट्सचं स्क्रॅबल हे कोडं की खेळ, हा उत्पादन शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2009 मध्ये न्यायालयाने ते कोडं नसून 9504 मधला खेळ आहे असा निकाल दिला. अमेरिकेत 2003 मध्ये एक्स-मेनच्या पुतळ्या बाहुल्या की खेळणी, यावर व्यापार न्यायालयात खटला लढला गेला. तो माल आला तेव्हा बाहुलीवर शुल्क 12 टक्के होतं, इतर खेळण्यांवर 6.8. ती पात्रं माणसं नाहीत असं ठरवून न्यायालयाने त्यांना खेळण्यांत घातलं. पुढे 2007 च्या जागतिक दरपत्रकात बाहुल्या आणि खेळणी एकाच 9503 मध्ये आली आणि त्या भांडणाचं मूळच संपलं. आपणही हेच करायला हवं. दरातलं अंतर कमी करा, म्हणजे खोटं नाव लावण्यातला फायदा राहणार नाही.

माझी मागणी सरळ आहे. 9503 वरचं शुल्क दोनतीन वर्षांत टप्प्याटप्प्याने शेजारच्या कोडच्या जवळ आणा. चाचणी मात्र एका टक्क्यानेही सैल करू नका. उलट मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचाला, कोड कोणताही असो, बंदरावरच आयएसआयची अट लावा. आदेशातल्या व्याख्येत त्याला जागा आहे.

आणि छोट्या आयातदाराला आधी उत्तर मिळेल अशी सोय करा. कागदावर सोय आहे. 2021 पासून मुंबईत आगाऊ निर्णय देणारं प्राधिकरण काम करतं. अर्जाची फी 10 हजार रुपये, निर्णयाची मुदत तीन महिने, आणि मिळालेला निर्णय फक्त त्या अर्जदाराला लागू. काकांच्या पाचपन्नास पेट्यांच्या मालाला हे कसं परवडणार? ऑगस्टात अर्ज केला तर उत्तर येईपर्यंत दिवाळी जाते. विचारल्याशिवाय माल आणला आणि क्वेरी पडली, तर सीएफएसमधलं, म्हणजे कंटेनर ठेवायच्या आवारातलं, भाडं दिवसागणिक चढतं. आता तपासणी फेसलेस आहे. माल न्हावाशेव्याला आणि कागद बघणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात. खोका उघडून “साहेब, हे बघा” म्हणायची सोय राहिलेली नाही. म्हणून केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने डॉक्टर सेट, किचन सेट, बाहुली-खडू, चुंबकाचं विज्ञान किट, बाहुली टांगलेलं दप्तर अशा नेहमीच्या संचांचे निर्णय फोटोंसकट, मराठीसह भारतीय भाषांत एकदाच जाहीर करावेत आणि ते सगळ्यांना लागू करावेत. हे एका परिपत्रकाचं काम आहे.

तोवर पालकांना माझी विनंती आहे. रिटर्न गिफ्टचे खोके घेताना आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक बघा. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला, की परवाना खरा आहे का ते तिथल्या तिथे कळतं. क्रमांक नसेल तर दुकानदाराला तसं सांगा आणि तो खोका घेऊ नका.