निदानाचे मोल

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की सामान्य मालकाच्या मनात दोन शंका एकदमच उभ्या राहतात. गाडीला काय झाले, ही पहिली. आणि आता किती रुपयांना पडणार, ही दुसरी. अशा मनःस्थितीत गॅरेज गाठल्यावर ‘नुसत्या तपासणीचे वेगळे पैसे पडतील’ असे सांगण्यात आले, तर बहुतेकांना तो उघड अन्याय वाटतो. दुरुस्तीचे पैसे द्यावेत हे सर्वांना मान्य असते. परंतु दोष कोठे आहे एवढे सांगण्याचेही पैसे? ज्या नाशकात मोटारीच्या उद्योगावर असंख्य घरांच्या चुली पेटतात, तेथे तरी या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. फियाट, अँबॅसिडर आणि १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८०० यांचे इंजिन हे मुख्यतः यांत्रिक प्रकरण होते. मिस्त्री बॉनेट उघडून कान देऊन ऐके, प्लग काढून त्याचा रंग पाही, कार्ब्युरेटरचे जेट फुंकून साफ करी आणि पॉइंटचे अंतर जुळवी. दोष शोधणे आणि तो दूर करणे ही एकाच हाताची व जवळजवळ एकाच वेळची कामे होती. साहजिकच शोधण्याची मजुरी दुरुस्तीच्या मजुरीत मुरून जाई. ‘बघण्याचे पैसे नाहीत’ ही आपली समजूत त्या काळाची देणगी आहे. काळ गेला, समजूत मात्र राहिली.

आजच्या गाडीत इंधन केव्हा व किती सोडावयाचे हे संगणक ठरवतो आणि त्याला खबर पुरवण्यासाठी इंजिनभर सेन्सर बसवलेले असतात. दोषांची नोंद गाडीनेच ठेवावी ही सक्ती मूळची अमेरिकेतील. कॅलिफोर्नियाने ती १९८८ च्या गाड्यांपासून लागू केली आणि १९९६ च्या गाड्यांपासून तिचे प्रमाणित रूप साऱ्या अमेरिकेत आले. आपल्याकडे ती भारत स्टेज चारच्या काळात टप्प्याटप्प्याने आली व १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाने अधिक कडक झाली. या सक्तीचा मूळ हेतू मालकाची सोय हा नव्हता. धुराड्यातून बाहेर पडणारे विष आटोक्यात राहते की नाही, यावर पहारा ठेवणे हा होता. म्हणूनच स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडल्यावर हाती येतो तो कोड, निदान नव्हे. ‘पी ०१७१’ हा कोड घ्या. त्याचा अर्थ इतकाच, की हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. हवेची नळी कोठे फुटली, पंप दुबळा झाला, हवा मोजणारा सेन्सर मळला की इंजेक्टर तुंबला, हे तो सांगत नाही. ताप मोजणे म्हणजे रोग ओळखणे नव्हे. आणि तापाचा आकडा दाखवणारा तापमापक फेकून नवा आणल्याने ताप उतरत नाही.

तथापि प्रत्यक्षात घडते ते नेमके हेच. गेल्या पावसाळ्यात द्वारका चौकाच्या कोंडीत उभा असता माझ्या गाडीचे इंजिन थरथरू लागले व दिवा लागला. एका गॅरेजमध्ये ‘स्कॅनिंग मोफत’ होते. दोन मिनिटांत कोड निघाला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात आला. पंधरवड्याने दिवा पुन्हा लागला. या वेळी इंधनाचा पंप बदलला. दोन्हींचा मिळून खर्च गाडीच्या मासिक हप्त्याहून अधिक झाला, आणि दिवा तिसऱ्यांदा लागला. अखेर सातपूरच्या बाजूच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनरला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला: ‘उभी असताना थरथरते, की पळताना?’ हा प्रश्न तोवर कोणीही विचारला नव्हता. मग दीड तास ते एकेका नळीवर क्लीनरचा फवारा मारून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. शेवटी इंजिनामागची एक तडकलेली रबरी नळी सापडली. आग रामेश्वरी होती आणि बंब सोमेश्वरी धावत होते! पैसे विचारले, तर मिस्त्रींनी नळीची किंमत तेवढी सांगितली. ‘नुसते बघितलेच तर आहे साहेब, बघण्याचे काय पैसे?’

या उत्तरात त्यांचा सज्जनपणा आहे, तसाच साऱ्या व्यवस्थेचा दोषही आहे. ज्याने दोन निरोगी भाग बदलले त्याला भरपूर मिळाले. ज्याने खरा दोष शोधला त्याच्या पदरात एका नळीचा नफा पडला. निदान फुकट आणि भागांवर कमाई, असा व्यवहार असला म्हणजे भाग बदलण्यातच गॅरेजचे हित साठते. प्रामाणिक कारागिराला तो व्यवहार उपाशी ठेवतो व धूर्ताला पोसतो. फुकटच्या तपासणीची किंमत ग्राहक देतोच. फक्त ती त्याला बिलात दिसत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजूही दृष्टिआड करून चालणार नाही. दोन मिनिटे स्कॅनर जोडून कोडाचा कागद हाती ठेवावयाचा आणि त्याला निदान म्हणून पैसे उकळावयाचे, ही लूटच होय. कोड वाचण्याचे साधन आज मोबाइलला जोडता येईल इतके स्वस्त झाले आहे व जिज्ञासू मालकाने ते जरूर बाळगावे. मात्र कोड पुसून टाकण्याचा मोह आवरावा. कारण त्याबरोबर दोष घडला त्या क्षणाची गाडीने टिपलेली माहितीही पुसली जाते, आणि ती मिस्त्रीला मोलाची असते. गाडी वॉरंटीत असेल, तर वॉरंटीखालच्या दोषाच्या शोधाचे पैसे देण्याचे कारण नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा, या दोहोंनी विनामूल्य सेवा ‘सेवे’च्या व्याख्येतून वगळली आहे. कोणी नुसतेच फुकट तपासून चुकीचे सांगितले, तर दाद मागणे अवघड. तपासणीचे पैसे देऊन पावती घेतली, म्हणजे तो ग्राहकाचा हक्क होतो. पैसे हे येथे केवळ मोबदला नव्हेत. ते जबाबदारीचे बंधन आहे.

परंतु निदानाचे दाम मागावयाचे, तर निदानाची साधने कारागिराच्या हाती हवीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना न मिळू देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. नाशकात कारखाना असलेल्या महिंद्रचाही त्यांत समावेश होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ उघडले व त्यात मोटारींचा अंतर्भाव केला. तथापि संकेतस्थळावरील माहिती गल्लीतल्या मिस्त्रीच्या कामाच्या टेबलापर्यंत पोचली नाही, तर तिचा उपयोग काय? ज्या शहरात मायकोने, म्हणजे आजच्या बॉशने, डिझेल इंजिनांचे इंजेक्टर व नोझल घडवले आणि एका चौकाला आपले नाव दिले, तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला पाना धरण्याइतकाच दोषाचा तर्क करणेही शिकवले गेले पाहिजे. त्या तर्काला बाजारात किंमत नसेल, तर तो शिकेल तरी कशासाठी?

तेव्हा निदानाचे पैसे द्यावेत. पण डोळे उघडे ठेवून. रक्कम आधी ठरावी. कोणत्या चाचण्या केल्या व त्यांवरून कोणता निष्कर्ष काढला, हे लेखी मिळावे. तो कागद घेऊन दुसरीकडे दुरुस्ती करण्याची मुभा असावी. भाग बदलला, तर जुना भाग परत मिळावा. निदान चुकले, तर त्याची रक्कम परत व्हावी. या अटी पाळणाऱ्या गॅरेजला पैसे देताना कुरकुर करण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी तपासून ‘काही झालेले नाही’ असे सांगितले, तरी आपण त्यांची फी देतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. तेलाने काळ्या झालेल्या हातांच्या बुद्धीला तोच मान देण्यास आपण का कचरतो? हा प्रश्न मोटारीपुरता नाही.