वजनकाटा म्हणजे अप्रेझल नव्हे

"आजकालच्या पोरींची फॅडं, दुसरं काय!" अ‍ॅनोरेक्सियाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. मला हे अजिबात पटत नाही.

फिजीचं उदाहरण घ्या. तिथे अंगाने भरलेलं असणं चांगलं मानत. कुणी वाळलं की घरच्यांना घोर लागायचा. (आपल्या आज्यांसारखंच की!) १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, १९९८ मध्ये पुन्हा केली. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली आधी शून्य, नंतर ११ टक्के. दर वेळी जेमतेम साठ-पासष्ट मुली होत्या, मान्य. पण त्यांचं म्हणणं तर ऐका! नुसतं सुंदर दिसायचं नव्हतं. बारीक झालो तर चांगली नोकरी मिळेल, असंही काहीजणी सांगत होत्या. फॅड कसलं, हे तर करिअर प्लॅनिंग!

आणि आपण? ऑफिसात कुणी दहा किलो उतरवले की, "मानलं बुवा, काय विल पॉवर!" कसे उतरवले, हे विचारतो कोण? घरातली पंधरा वर्षांची पुतणी हे ऐकत असते. कमी खाईल तो कर्तबगार, हे गणित तिला आपणच शिकवतो.

बरं, ही विल पॉवर खरंच आपल्या हातात राहते का? १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वयंसेवक, बारीक दिसायची हौस कुणालाच नव्हती. तरी ते सतत जेवणाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले. म्हणजे सुरुवात तुम्ही करता, पुढे सूत्रं भुकेच्या हातात जातात. "मनात आणलं की थांबेन" म्हणणाऱ्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

आनुवंशिकतेचाही वाटा असतो, सगळा दोष आपला नाही. पण अ‍ॅनोरेक्सिया हा सर्वाधिक जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे, आणि तो मुलग्यांनाही होतो. तेव्हा कुणी ताट टाळू लागलं, जेवण झालं की बाथरूम गाठू लागलं, तर लेक्चर देऊ नका. डॉक्टरकडे न्या. आणि लग्नकार्यात भेटल्या भेटल्या "जाड झालीस गं!" म्हणणं? ते तर आजपासूनच बंद करा.