पाच मिनिटांचं निर्वात

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणाशी, तर "काका, इतकी वर्षं असंच करतोय, काही होत नाही" या एका वाक्याशी. एप्रिल-मे आला की आमच्या डोंबिवली-कल्याणात घरोघरी एसी बसतात, आणि घरोघरी हे वाक्य ऐकू येतं.

आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या नळ्यांनी जोडलं की नळ्यांतली हवा काढून टाकायची असते. त्यासाठी व्हॅक्यूम पंप असतो. पण पुष्कळदा तो पिशवीतून बाहेरच येत नाही. बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस नळीत सोडायचा, फुस्स झालं की नट आवळायचा. पंप लावलाच तर पाच मिनिटं. काटा खाली गेला की "झालं काका!"

काही झालेलं नसतं. हवेबरोबर पाण्याची वाफ असते, आणि आपली खाडीकाठची हवा किती दमट, हे वाळत न घातलेल्या पापडालाही ठाऊक आहे. पाणी १०० अंशांना उकळतं ते ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला. ३० अंशांच्या दिवशी ते नळीतच उकळावं, तर दाब सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो. वाफही निघून जायला हवी असेल तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ५०० मायक्रॉनपर्यंत. काट्याच्या साध्या गेजवर पाच आणि अर्धा मिलिमीटर सारखेच दिसतात. म्हणून काटा खाली गेला तिथे काम संपत नाही, सुरू होतं.

आत राहिलेली हवा गॅससारखी द्रव होत नाही. ती जागा अडवते, दाब वाढवते, वीज खाते. पाणी कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतं आणि आम्ल तयार होतं. पुढे कॉम्प्रेसर बसला की आपण कंपनीला शिव्या घालायला मोकळे! शिवाय हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत असलेला आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील आहे, आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. तो घरात फुस्स करून सोडणं ही काटकसर नव्हे.

आता पंपाविषयी. तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तरांना यात काय कळतं? अहो, पंप साधा आहे. आत पाती फिरतात आणि पात्यांच्या फटी तेल बुजवतं. तेल खराब, तर पंप नुसता आवाज करणार. या पंपाच्या नमनाला घडाभर नको, पण काचेवरच्या दोन खुणांच्या मधोमध तेल हवंच, तेही व्हॅक्यूम पंपाचं. गाडीचं चालत नाही. ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय. ते ओतून नवं भरायचं.

पंप सपाट जागी, मोकळ्या हवेत ठेवावा आणि धूर निघायच्या तोंडाचं बूच काढावं. तीन पिनांचा प्लग लावावा, दोन उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोकू नयेत. आधी नळीकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप थोडा वेळ चालवून गरम होऊ द्यावा. गॅस बॅलास्ट नावाची छोटी चकती असते, ती सुरुवातीला उघडी ठेवावी. तिच्यातून येणाऱ्या किंचित हवेबरोबर वाफ पाणी होण्याआधीच बाहेर पडते. शेवटच्या टप्प्यात ती बंद करावी.

थांबवताना मात्र आधी व्हॉल्व्ह बंद, मग पंप. उलटं केलंत तर बाहेरच्या हवेचा दाब पंपातलं तेल नळीत ढकलू शकतो. सतराव्या शतकात माग्देबुर्गच्या गेरिकेने दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, तेव्हा दोन्ही बाजूंचे आठ-आठ घोडे ज्या दाबापुढे हरले, तोच हा दाब.

पंप थांबल्यावर गेजकडे थोडा वेळ पाहत राहावं. दाब थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे. गॅस सोडायचा तो यानंतर.

कारागिराची बाजूही खरी आहे. त्याला नगामागे पैसे मिळतात, दिवसाला घरं जास्त, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत पंप खांद्यावरून चौथ्या मजल्यावर न्यावा लागतो. आपण दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि "लवकर आटपा हो" म्हणतो. मग तो आटपतो! पण म्हणून चुकीचं काम बरोबर ठरत नाही. पंप चालवायला अर्धा-पाऊण तास लागणार असेल, तर त्या वेळेचे पैसे द्यावेत आणि काम पुरतं करून घ्यावं.

तेव्हा पुण्याच्या, नाशिकच्या नातेवाईक मंडळींनो, यंदा एसी घेणार असाल तर ठरवतानाच फोनवर विचारा: पंप आणणार का, तेल कधी बदललं, मायक्रॉन दाखवणारं गेज आहे का? उत्तर "काही होत नाही" असं आलं, तर दुसरा माणूस बघा.

असो. कोणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा. भांडायला मी आहेच.