पूररेषा भिंतीवर हवी

आमच्या टेंभी नाक्यावर नदी नाही. पण निम्मे नातेवाईक ठाण्यातून सरकत सरकत कल्याण, बदलापूरला पोचलेत, म्हणजे थेट उल्हास नदीच्या शेजारी. आता एक भाचाही तिकडे फ्लॅट बघतोय. 20 वर्षांचं कर्ज आणि खिडकीतून नदी! म्हणून हा लेखनप्रपंच.

मंडळी, पूररेषा हा शब्द आपण ऐकलेला असतो. आजवरचा पाऊस, नदीपात्राची खोली-रुंदी, काठाचे चढउतार असं सगळं गणितात घालून पाणी कुठवर चढेल ते काढतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी.

खरी गोम त्या 'एकदा'त आहे. 2005 मध्ये पूर येऊन गेला, आता 2030 पर्यंत निश्चिंत, असं नसतं हो! 25 वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता. म्हणजे निळ्या रेषेवरच्या घरात 20 वर्षांत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता साधारण 56 टक्के. लाल रेषेवर 18. कर्ज देताना हे कुणी सांगतं?

26 जुलै 2005 कुणीच विसरलेलं नाही. बरोबर 14 वर्षांनी, 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारभर प्रवासी दुसऱ्या दिवशी होड्यांनी बाहेर काढले. जुलै 2021 मध्ये बदलापुरात पुन्हा पाणी.

त्यात काठावर भराव पडला की तेच पाणी दुसऱ्याच्या दारात चढतं. म्हणून हे गणित ठरावीक वर्षांनी पुन्हा करायला हवं, आणि त्याचं उत्तर विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर, सोसायटीच्या गेटवर रंगवायला हवं. रात्री दोन वाजता तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना नकाशा उपयोगाचा नाही, भिंतीवरची खूण आहे. फ्लॅटचे भाव पडतील, अशी ओरड होईल. होऊ दे. पाणी भाव विचारून येत नाही.

भाच्याला एवढंच सांगणं, टोकन देण्याआधी पूररेषेचा नकाशा माग. आणि तिथल्या जुन्या रहिवाशांना विचार, 2005 ला पाणी कुठवर आलं होतं?

तुमच्याकडे अशी खूण कुठे रंगवलेली असेल तर जरूर कळवा.