फुटबॉलच्या गोष्टी दिल्या तर मुलं खरंच वाचायला लागतात का?

पुस्तक हातात दिलं की पाच मिनिटांत तहान लागते, पोट दुखतं, झोप येते. पण मेस्सीने कोणत्या मॅचमध्ये कसा गोल केला, हे मात्र पोरगं अर्धा तास न थांबता सांगतं. असं एखादं मूल बहुतेक घरांत असतं. 'हीच अक्कल अभ्यासात लाव' असं म्हणून घरचे विषय संपवतात.

इंग्लंडमध्ये मात्र काही शिक्षकांनी आणि लेखकांनी उलटा विचार केला. मुलाला फुटबॉलमधून ओढून पुस्तकाकडे न्यायचं कशाला, पुस्तकातच फुटबॉल आणला तर? गेली वीसेक वर्षं तिथे हा प्रयोग वेगवेगळ्या रूपांत सुरू आहे. आता २०२६ मध्ये एकीकडे पहिल्यांदाच ४८ संघांचा फुटबॉल वर्ल्डकप आहे, तर दुसरीकडे ब्रिटनने हेच वर्ष 'राष्ट्रीय वाचन वर्ष' म्हणून जाहीर केलं आहे. या मोहिमेचा गाभा अगदी सोपा आहे: तुम्हाला ज्याचं वेड आहे, त्याबद्दलच वाचा.

पण हे फक्त गोड बोलून पुस्तक गळ्यात मारणं आहे, की यामागे काही शास्त्र आहे? समजून घेऊ.

मुळात ब्रिटनला ही वेळ का आली?

ब्रिटनमध्ये 'नॅशनल लिटरसी ट्रस्ट' नावाची संस्था २००५ पासून मुलांच्या वाचनाचं सर्वेक्षण करते. २०२५ च्या सर्वेक्षणात ८ ते १८ वयोगटातल्या फक्त ३२.७ टक्के मुलांनी सांगितलं की, मोकळ्या वेळात वाचायला आवडतं. म्हणजे तीन मुलांमागे एक. सर्वेक्षण सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक आहे. रोज स्वतःहून काहीतरी वाचणारी मुलं तर १८.७ टक्केच निघाली.

मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतरही वाढलं आहे. २०२४ च्या सर्वेक्षणात वाचन आवडणाऱ्या मुली ४०.५ टक्के होत्या, तर मुलगे २८.२ टक्के.

यातली गंमत अशी की, इंग्लंडच्या मुलांना वाचता येत नाही असं अजिबात नाही. चौथी-पाचवीच्या वयातल्या मुलांचं वाचन तपासणारी 'पर्ल्स' नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्या २०२१ च्या फेरीत एकाच वयाच्या मुलांची चाचणी घेतलेल्या ४३ देशांत इंग्लंड चौथा आला होता. म्हणजे मुलांना वाचता येतं, पण वाचावंसं वाटत नाही. आणि जो वाचत नाही, त्याचं वाचन हळूहळू मागे पडतं. शब्द कमी भेटतात, वाचणं जड जातं, म्हणून तो आणखी कमी वाचतो. एकदा हे चक्र सुरू झालं की इतिहास, विज्ञान आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं असं सगळंच अवघड होत जातं.

मग यात फुटबॉल कुठून आला?

कारण साधं आहे. इंग्लंडमध्ये शनिवारची मॅच, आवडता क्लब, खेळाडूंचे स्टिकर आणि पॉइंट टेबल हे सगळं पोरांच्या रोजच्या जगण्यात असतं. घरात एकही गोष्टीचं पुस्तक नसेल, पण क्लबचा टी-शर्ट असतो.

हे ओळखून नॅशनल लिटरसी ट्रस्टने प्रीमियर लीगसोबत 'प्रीमियर लीग रीडिंग स्टार्स' नावाचा कार्यक्रम चालवला. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलांचे छोटे गट करायचे, त्यांच्यासोबत दहा आठवडे फुटबॉलशी संबंधित गोष्टी, बातम्या आणि मासिकं वाचायची, आणि खेळाडू स्वतः आवडत्या पुस्तकांबद्दल बोलतात ते व्हिडिओ दाखवायचे, असं त्याचं स्वरूप होतं. संस्थेच्या २०१३ च्या मूल्यमापनानुसार, दर चारपैकी तीन मुलांनी या दहा आठवड्यांत किमान सहा महिन्यांची प्रगती केली. हे मूल्यमापन कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेचंच होतं, त्यामुळे ते थोडं जपूनच वाचायला हवं. तरीही जी मुलं 'वाचणारी नाहीत' म्हणून सोडून दिली जातात, ती वाचू शकतात एवढं त्यातून नक्की दिसलं.

खरं कोडं सोडवलं ते जर्मनीतल्या प्रयोगाने

फुटबॉलची गोष्ट मुलाला जमते, ती फक्त आवडते म्हणून का? १९८९ मध्ये जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वोल्फगांग श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांना एक गोष्ट दिली. तिचा विषय फुटबॉल होता. या मुलांत काही बुद्धिमत्तेच्या चाचणीत पुढे होती, काही मागे. शिवाय काहींना फुटबॉलची खडानखडा माहिती होती, तर काहींना फारशी नव्हती.

निकाल असा लागला की, चाचणीत 'कच्ची' ठरलेली पण फुटबॉल जाणणारी मुलं, 'हुशार' पण फुटबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. गोष्ट त्यांच्या जास्त लक्षात राहिली. गोष्टीत कुठे काय सुटलं आहे, कुठे काय जुळत नाही, हेही त्यांनी जास्त ओळखलं. फुटबॉल कळणाऱ्या मुलांमध्ये तर 'हुशार' आणि 'कच्ची' हा फरक जवळपास दिसलाच नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकेतही असाच प्रयोग झाला होता. तिथे विषय बेसबॉलचा होता. सातवी-आठवीच्या ६४ मुलांनी एका खेळाचं वर्णन वाचलं आणि ते लाकडी बाहुल्या हलवून मैदानाच्या नमुन्यावर करून दाखवलं. वाचनात कमजोर पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांना ते वर्णन, बेसबॉल फारसं न कळणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा जास्त कळलं होतं.

याचा अर्थ एका उदाहरणातून लगेच कळेल. हे वाक्य बघा: 'चेंडू जाळ्यात गेला, पण लाइनमनचा झेंडा वर होता, आणि राजूने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.' गोल रद्द झाला असं या वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही. ऑफसाइड हा शब्दही नाही. राजू निराश झाला, हेही लिहिलेलं नाही. पण फुटबॉल बघणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. ज्याला फुटबॉल माहीत नाही, त्याला प्रत्येक शब्द अचूक वाचूनही काय झालं ते कळत नाही.

कुठलाही लेखक सगळं लिहीत नाही. मधल्या जागा वाचणाऱ्याने भरायच्या असतात, आणि त्या भरायला विषयाची माहिती लागते. म्हणजे 'हा मुलगा वाचनात कच्चा आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या विषयाच्या वाचनात कच्चा आहे, हा पुढचा प्रश्न आहे. फुटबॉलच्या पुस्तकात तो मुलगा आयुष्यात पहिल्यांदा 'मला कळतंय' हा अनुभव घेतो. आणि ज्याला कळतं, तोच पान उलटतो.

ही पुस्तकं असतात तरी कशी?

यात तीन-चार प्रकार आहेत. इंग्लंडचा माजी खेळाडू फ्रँक लॅम्पार्ड याने 'फ्रँकीज मॅजिक फुटबॉल' ही पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून चालणारी मालिका आणली. त्यात जादूचा चेंडू फ्रँकी आणि त्याच्या मित्रांना वेगवेगळ्या जगांत नेतो. मॅट आणि टॉम ओल्डफील्ड या भावांची 'अल्टिमेट फुटबॉल हीरोज' ही मालिका खेळाडूंची चरित्रं गोष्टीसारखी सांगते. हेलेना पिएलिचाटी यांनी 'गर्ल्स एफसी' ही मुलींच्या टीमवरची मालिका लिहिली.

यातलं टॉम पामर हे नाव वेगळं आहे. लहानपणी त्यांना स्वतःलाच वाचनाचा तिटकारा होता. आईने त्यांच्या हातात फुटबॉलच्या बातम्या, मासिकं आणि पुस्तकं दिली, त्यातून ते वाचायला लागले आणि पुढे मुलांचे लेखक झाले. त्यांची काही पुस्तकं 'बॅरिंग्टन स्टोक' या प्रकाशनाने काढली आहेत. हे प्रकाशन डिस्लेक्सिया असलेल्या आणि वाचायला कचरणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं काढतं: कागद पांढराधोप नसून पिवळसर, अक्षरं खास बनवलेली, गोष्ट छोटी. पण विषय मात्र मुलाच्या वयाला शोभणारा असतो. दहा वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या बाळाचं पुस्तक दिलं की त्याला लाज वाटते. ती लाज इथे टळते.

आणि ज्यांच्या घरात पुस्तकच नाही?

इथे मार्कस रॅशफर्डची गोष्ट येते. मँचेस्टरच्या गरीब वस्तीत वाढलेल्या या खेळाडूने २०२० मध्ये शाळेतल्या मोफत जेवणासाठी मोहीम चालवली आणि ब्रिटिश सरकारला माघार घ्यायला लावली. त्याच वर्षी त्याने जाहीरपणे सांगितलं की, आपण खऱ्या अर्थाने वाचायला लागलो ते वयाच्या सतराव्या वर्षी. लहानपणी घरखर्चात पुस्तकांना जागाच नव्हती, आधी पोट भरायचं होतं.

२०२१ मध्ये त्याने मॅकमिलन या प्रकाशनासोबत बुक क्लब सुरू केला. पहिल्या पुस्तकाच्या ५० हजार प्रती गरजू मुलांना फुकट वाटण्यात आल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, हे पहिलं पुस्तक फुटबॉलवरचं नव्हतं. पूजा पुरी या लेखिकेची ती डायनासोर आणि कालप्रवासाची धमाल गोष्ट होती. खेळाडूचं नाव पाहून मूल आलं, आणि हातात पडलं वेगळंच पुस्तक.

यावर आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप, प्रसिद्ध चेहऱ्यांच्या पुस्तकांनी दुकानातली जागा व्यापली की वर्षानुवर्षं मुलांसाठी लिहिणारे लेखक मागे पडतात. ब्रिटनमधल्या अनेक बालसाहित्यिकांची ही तक्रार आहे.

दुसरा, 'मुलग्यांना फुटबॉल, मुलींना पऱ्या' अशी वाटणी. इंग्लंडच्या महिला संघाने २०२२ आणि २०२५ मध्ये युरोपियन स्पर्धा जिंकली, तेव्हा ही वाटणी तशीही जुनी झाली आहे. आणि फुटबॉल अजिबात न आवडणारे मुलगेही असतातच.

तिसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा. ज्या मुलाला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत, त्याला मेस्सीही वाचवू शकत नाही. अक्षरओळख नीट शिकवावीच लागते. शिवाय एकाच विषयात अडकलेलं मूल त्याच विषयात हुशार होईल. फुटबॉलच्या पुस्तकानंतर दुसरं पुस्तक कोणतं, हे ठरवायला समोर कुणीतरी वाचणारा माणूस आणि जवळ वाचनालय लागतं. ब्रिटनमध्येच सातपैकी एका सरकारी प्राथमिक शाळेत वाचनालय नाही. म्हणून तिथल्या सरकारने २०२५ मध्ये प्रत्येक प्राथमिक शाळेत वाचनालय देण्याचं आश्वासन दिलं.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी यात काय आहे?

आपल्याकडचा प्रश्न आणखी अलीकडचा, म्हणजे वाचता येण्याचाच आहे. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार, भारताच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के आहे.

पण मैदान आपल्याकडेही आहे. कोल्हापुरात तालमींच्या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं आणि पेठापेठांत वाद रंगतात. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं काम 'झुंड'मुळे घराघरांत पोहोचलं. गोव्यात तर फुटबॉल हा राज्याचा खेळच आहे. या मुलांच्या डोक्यात शब्द आधीच आहेत. 'पेनल्टी' या शब्दात 'ल्टी' हे जोडाक्षर आहे. पुस्तकात अनोळखी शब्दात असं जोडाक्षर आलं की मूल अडखळतं. पण 'पे... न...' इतकं वाचल्यावर मैदानावरच्या पोराच्या तोंडून 'पेनल्टी' आपोआप निघतं, आणि ते जोडाक्षर त्याचं होऊन जातं. 'कॉर्नर', 'स्ट्रायकर' यांचंही तसंच.

त्यासाठी महागडी पुस्तकंच हवीत असं नाही. वर्तमानपत्राचं क्रीडा पान रोज येतं. कालची मॅच मुलाने पाहिलेली असेल, तर तिची बातमी त्याला निम्मी आधीच माहीत असते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, आणि कुणालाही नवी गोष्ट लिहून तिथे टाकता येते. शाळेतल्या मॅचचं चार ओळींचं वर्णन शिक्षकांनी फळ्यावर लिहिलं, त्यात वर्गातल्याच पोरांची नावं घातली, तर ते वाचायला कोण मागे राहील?

आणि फुटबॉल हे फक्त एक उदाहरण आहे. कुणाच्या घरी शेळ्या असतील, कुणाला ट्रॅक्टरचं इंजिन कळत असेल, कुणाला ढोल-ताशाचे हात. ज्या विषयात मूल मोठ्यांना शिकवू शकतं, तिथून त्याचं वाचन सुरू होऊ शकतं.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या शाळांत 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. फोटो निघतात, प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक असतं. ते पुस्तक कोणतं असावं, हे त्या दिवशी त्या मुलालाच विचारलं, तर कदाचित सोळा तारखेलाही ते त्याच्या हातात दिसेल.