गाभण शेळीचा कायदा कुणाला आठवतो?

महाराष्ट्रात गाय, बैल किंवा वळूची कत्तल केली तर 5 वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 10 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाभण शेळी कापली तर काय होते? केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे त्यालाही मनाई आहे. शिक्षा मात्र 100 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पहिल्या कायद्याच्या नावाखाली रस्त्यावर गाड्या अडवल्या जातात, माणसे मारली जातात. दुसरा नियम अस्तित्वात आहे हेही बहुतेकांना ठाऊक नसते. आम्हाला या दुसऱ्या नियमाबद्दल बोलायचे आहे.

प्राण्यांवरील दयेचा विषय निघाला की आंबेडकरी तरुण सावध होतो आणि त्याला कारण आहे. 2016 च्या जुलैमध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना जाहीरपणे मारहाण झाली. ‘प्राणिप्रेम’ हा शब्द आपल्या आणि मुस्लिम समाजाच्या पाठीवर काठीसारखा वापरला गेला आहे. त्यामुळे अनेक कार्यकर्ते या विषयावर गप्प राहणे पसंत करतात. पण बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवरील दयेची आहे. ती इतरांच्या ढोंगामुळे रद्द होत नाही. उलट करुणा कोणती आणि राजकारण कोणते, हे वेगळे करून दाखवणे आपलेच काम आहे.

नियम काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्याखाली 2001 मध्ये कत्तलखान्यांसाठी नियम झाले. त्यातील तिसरा नियम स्पष्ट आहे. गाभण जनावर, 3 महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेली मादी आणि 3 महिन्यांपेक्षा लहान पिल्लू यांची कत्तल करता येत नाही. पशुवैद्यकाने योग्य असल्याचा दाखला दिल्याशिवाय कोणतेही जनावर कापता येत नाही. हा नियम गाईपुरता नाही. शेळी, मेंढी, म्हैस, डुकरीण या सगळ्यांना तो लागू आहे.

एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, असेही नियम सांगतात. म्हणजे एका जनावराला किमान 5 मिनिटे मिळायला हवीत. ही 5 मिनिटे महत्त्वाची आहेत. शेळीचा गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा असतो. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत पोट दिसते, पण त्याआधी नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. सोनोग्राफी केली तर साधारण महिनाभरानंतरच गर्भ कळतो. यंत्र नसेल आणि पशुवैद्यक नुसता कळपावरून नजर फिरवून सही करत असेल, तर नियम कागदावरच राहणार.

दुसरी त्रुटी व्याख्येत आहे. या नियमांत दिवसाला 10 किंवा अधिक जनावरे कापली जाणाऱ्या परवानाधारक जागेलाच कत्तलखाना म्हटले आहे. गल्लीतल्या दुकानामागे दोन-तीन शेळ्या कापल्या जातात, तिथे तपासणीला कोण येणार?

सम्राट अशोकाची यादी

हा विचार आपल्याकडे इंग्रजांनी किंवा एखाद्या परदेशी संस्थेने आणलेला नाही. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर पाचवा स्तंभलेख कोरवला. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर उभ्या असलेल्या टोपऱ्याच्या स्तंभावर तो आजही आहे. त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. गाभण किंवा पिल्लांना पाजणारी शेळी, मेंढी आणि डुकरीण मारू नये, 6 महिन्यांपर्यंतचे पिल्लू मारू नये, असे त्यात सांगितले आहे.

या यादीत शेळी आहे, मेंढी आहे, डुकरीणही आहे. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हाच लेख पुढे ठेवून दाखवून दिले की अशोकाने गोहत्याबंदीचा कायदा केलेला नव्हता. अशोकाने जनावराची पवित्रता मोजली नाही, त्याची अवस्था पाहिली. पोटात पिल्लू आहे का, कासेला पिल्लू आहे का, एवढेच विचारले. पाळणारा कोण, कापणारा कोण, खाणारा कोण, हे त्या ओळीत नाही.

अशोकाने सर्वांवर मांसाहारबंदी लादली नाही. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की आधी आपल्या स्वयंपाकघरासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण मारले जाते, तेही हरीण रोज नाही, आणि पुढे तेही बंद होईल. म्हणजे सुरुवात त्याने स्वतःच्या ताटापासून केली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले आहे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. गाभण जनावराच्या बाबतीत तरी त्याचे उत्तर अवघड नाही.

गाभण शेळी तिथे पोहोचते कशी?

दोष लगेच खाटकावर टाकणे सोपे आहे. पण शेळी ही गरिबाची गाय. शेळ्यांवर घर चालवणाऱ्यांत भूमिहीन, दलित, आदिवासी आणि एकट्या बाया मोठ्या संख्येने आहेत. गाभण शेळीला पाळणारा गिऱ्हाईक जास्त पैसे देतो, त्यामुळे जाणूनबुजून तिला कत्तलीला विकण्यात मालकाचाच तोटा असतो. तरीही ती विकली जाते. कधी शेळ्या-बोकड एकत्र चरत असल्याने ती गाभण आहे हेच माहीत नसते. कधी दुष्काळात चारा संपतो, कधी दवाखान्याचा खर्च अंगावर येतो. आठवडी बाजारात दलाल एकदम पाच-सहा शेळ्या उचलतो आणि पुढे कुणी विचारत नाही.

बकरी ईदला किंवा जत्रेला प्रामुख्याने बोकड कापले जातात. म्हणून या प्रश्नाचे खापर एखाद्या सणावर फोडणाऱ्यांना मूळ प्रश्नच कळलेला नाही. हा रोजच्या मटणाच्या बाजाराचा प्रश्न आहे.

कत्तलखान्याच्या दारात गाभण शेळी सापडली तर तिला कापू नका, एवढेच तिसरा नियम सांगतो. तिला परत कोण नेणार, तिचा चारा कोण देणार, हे सांगत नाही. मग ती एखाद्या विनापरवाना जागेत जाण्याची वाट मोकळीच राहते.

इतर देशांत काय झाले?

जर्मनीने 2017 मध्ये गर्भधारणेच्या शेवटच्या तिसऱ्या भागातील जनावरे कत्तलीसाठी देण्यावर बंदी घातली, पण शेळ्या-मेंढ्यांना त्यातून वगळले. युरोपीय संघाच्या नियमानुसार गर्भकाळाचा 90 टक्के भाग उलटलेल्या मादीला वाहतुकीस अयोग्य मानले जाते. गाभणपणाच्या कोणत्याही टप्प्यावर मनाई करणारा आपला नियम कागदावर यापेक्षा कडक आहे. पण जर्मनीने कायद्याआधी आणि नंतर किती गाभण जनावरे कत्तलखान्यात येतात, याची चर्चा उघडपणे केली. आपल्याकडे चर्चा फक्त गाईची होते.

पोटातल्या पिल्लाला यातना होतात का, यावर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2017 मध्ये अहवाल दिला. शेवटच्या टप्प्यात वेदनेसाठी लागणारी शरीररचना तयार झालेली असते, पण गर्भाशयात मेंदू दबलेल्या अवस्थेत असल्याने वेदना जाणवत नसावी, असा त्याचा कल आहे. गाडीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या गाभण मादीच्या त्रासाबद्दल मात्र अशी शंका घ्यायला जागा नाही.

आपण काय मागायचे?

आम्ही गाड्या अडवायला सांगत नाही. कायदा हातात घेणाऱ्यांची जात आपण चांगली ओळखतो. मागण्या सनदशीर आणि साध्या आहेत.

पहिली, तपासणी सुरीजवळ नको, आठवडी बाजारात हवी. तिथे सोनोग्राफीची मोफत सोय झाली तर शेळी गाभण असल्याचे मालकाला कळेल आणि तिला पाळणाऱ्याकडून योग्य भावही मिळेल. दुसरी, प्रत्येक महानगरपालिका आणि नगरपालिकेने आपल्या कत्तलखान्यात किती पशुवैद्यक आहेत, रोज किती जनावरे तपासली आणि गाभण म्हणून किती परत पाठवली, हे जाहीर करावे. ही माहिती माहिती अधिकारात कुणीही मागू शकतो. तिसरी, परत पाठवलेल्या मादीसाठी चारा-निवाऱ्याची तरतूद असावी. गोशाळांना अनुदान मिळते, तर शेळीला का नाही?

आपल्या तालुक्यातल्या एका तरी बाजारासाठी हे अर्ज या महिन्यात जावेत. विहारात पंचशील घेताना आपण पहिले शील म्हणतो ते प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. त्यात शेळी आणि गाय असा भेद नाही, आणि आपल्या मागणीतही तो नसावा.