पाठीतलं पाणी काढायला नाही म्हणू नका

पोराला रक्ताचा कॅन्सर निघाला की घर खचतंच. त्यानंतर डॉक्टर म्हणतात, 'पाठीतलं पाणी काढून तपासायचंय', आणि नातेवाइकांची बैठक बसते. भूम असो, परंडा असो की कळंब, 'मणक्यात सुई टोचली की पोरगं पांगळं होतं' असं छातीठोक सांगणारा पाव्हणा त्या बैठकीत असतोच. त्याच्या शब्दावर तपासणीला नकार देऊ नका.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई टोचतात ती त्याच्या खाली, जिथे पाण्यात फक्त नसांचे सुटे धागे असतात. पोराला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, जागा बधिर करतात आणि थेंब थेंब पाणी बाटलीत घेतात. नंतर कंबर दुखेल, एक-दोन दिवस डोकं दुखेल. प्लेटलेट फार कमी असतील तर आधी त्या चढवतात, म्हणून डॉक्टर थांबले तर घाई करू नका.

हे सगळं कशासाठी? मेंदूभोवती निसर्गानेच एक पहारा ठेवलाय. शिरेतून दिलेली बरीच औषधं तो आत जाऊ देत नाही, पण कॅन्सरच्या पेशी आत शिरून लपून बसतात. पूर्वी औषधांनी रक्त स्वच्छ झालेली मुलं काही महिन्यांत डोकेदुखी आणि उलट्या घेऊन परत यायची. मेंदूकडे लक्ष दिलं नाही तर निम्म्याहून जास्त मुलांचं असं व्हायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसच्या डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूवर आधीच उपचार सुरू केले आणि चित्र पालटलं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने १९८४ पासून जी उपचारपद्धत राबवली गेली, तिच्यातही मणक्यातून औषध होतंच.

एका मायक्रोलीटर पाण्यात पाच किंवा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या, तर आजार मेंदूपर्यंत गेला असं धरतात. पाणी स्वच्छ निघालं तरी त्याच सुईतून मेथोट्रेक्सेटसारखं औषध सोडतात, आणि पुढेही ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा. 'रिपोर्ट चांगला आला, आता सुई कशाला' म्हणून तारीख चुकवू नका.

ही सुई मात्र सरावाच्या हातानेच, कॅन्सरच्या दवाखान्यातच टोचून घ्या. टोचताना रक्त मिसळलं तर रिपोर्ट घोटाळ्यात पडतो. पाण्यातल्या पेशी थोड्याच वेळात फुटू लागतात, त्यामुळे बाटली गाडीत घालून दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवण्यात अर्थ नाही.

उपचार चालू असताना, किंवा संपल्यावरही, सकाळी उठताच डोकं दुखून उलटी झाली तर 'पित्त झालं' म्हणून सोडायचं नाही. एकाचे दोन दिसणं, हनुवटी बधिर होणं हीसुद्धा खूण असू शकते. तोंड वाकडं झालं तर 'वारं गेलं' म्हणून शेक देत बसू नका, त्याच दिवशी फाइल घेऊन निघा.

आणखी एक. निदान व्हायच्या आधी तापासाठी गावातच स्टिरॉइडची सुई दिली जाते. पोराला तात्पुरतं बरं वाटतं, पण कॅन्सरच्या पेशी काही दिवस दडून बसतात आणि निदान फसतं. कुणी काय टोचलं, कोणत्या गोळ्या दिल्या, ते आठवून सांगा. कुणाची भीड बाळगू नका.

आपला धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा तपासणीला भिणारा नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा जो अभ्यास २००९ मध्ये जगभर गाजला, तो इथलाच. खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका त्यासाठी तपासणीला आल्या होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे, पुढचा रस्ता तिथे विचारा. मुंबईला टाटात जायचं ठरलं तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. निघण्याआधी रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.